एकच गोळी, तीन भाव

(संघाच्या मासिक सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी आरोग्य विषयावर केलेलं भाषण. त्या दिवशी सोयाबीनच्या काढणीमुळे बऱ्याच जणींना येता आलं नाही, म्हणून ते इथे देत आहोत. गटाच्या पुढच्या बैठकीत वाचून दाखवावं.)



आज मी औषधाच्या खर्चावर बोलणार आहे. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही आणि नर्सही नाही. मी समाजकार्य शिकले. तुमच्यातल्या कितीतरी जणींच्या लेकीच्या वयाची आहे. तेव्हा कुठली गोळी घ्या आणि कुठली बंद करा, हे मी सांगणार नाही. गोळीचा हिशोब कसा करायचा, तेवढंच सांगते. आणि हिशोब तर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला येतो.

हा विषय मला एका कर्ज रजिस्टरमुळे सुचला. गेल्या महिन्यात एका गटाची दप्तर तपासणी करत होते. कर्जाचं कारण लिहायच्या रकान्यात बियाणं, शाळेची फी, शेळी असं लिहिलेलं होतं, आणि अधूनमधून "दवाखाना". मला वाटलं ऑपरेशन असेल, बाळंतपण असेल. सचिव ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "कुठलं ऑपरेशन ओ मॅडम, मेडिकलचं बिल आहे. दर दोन महिन्यांनी घेतात आणि फेडतात."

म्हणजे रोजच्या गोळ्यांसाठी कर्ज. एकदाच्या आजारपणासाठी कर्ज घेतलं तर ते कधीतरी फिटतं. पण बीपीची, शुगरची गोळी बहुतेक जणींना वर्षानुवर्षं चालू ठेवावी लागते. तिच्यासाठी घेतलेलं कर्ज फिटायच्या आत पुढचं पाकीट संपतं.

त्याच गटातल्या एका काकूंची गोष्ट सांगते. त्यांना विचारूनच सांगते आहे, नाव मात्र सांगत नाही. काकूंना बीपी आहे. गावात तपासणी शिबिर झालं तेव्हा त्यांचं बीपी खूप वर निघालं. सिस्टरांनी विचारलं, "गोळी रोज घेता ना?" काकू म्हणाल्या, "घेते की." शिबिरातल्या डॉक्टरांनी आणखी एक गोळी वाढवून लिहून दिली. परत येताना रस्त्यात काकू मला म्हणाल्या, "एक दिवसाआड घेते गं. पाकीट दोन महिने पुरवते. सुनेला सारखे पैसे कुठं मागायचे?"

आता बघा काय झालं. पैसे वाचवायला गोळी अर्धी केली, म्हणून बीपी वाढलं. बीपी वाढलं म्हणून दुसरी गोळी लागली, आणि खर्च वाढला. काकू खोटं बोलल्या ते लाजेपोटी. पण डॉक्टरांना वाटलं, पहिली गोळी लागू पडत नाही. आम्ही दोघी तिथूनच मागे फिरलो आणि डॉक्टरांना खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी दुसरी गोळी खोडली आणि म्हणाले, "आधी पहिली रोज घ्या, मग महिन्याने बघू."

पण मग प्रश्न आला, रोज घ्यायची तर परवडायची कशी?

पाकिटं मांडून बसलो

त्या गटाच्या पुढच्या बैठकीत मी सांगितलं, घरात बीपीची जी पाकिटं असतील ती रिकामी झाली तरी घेऊन या. सतरंजीवर ती मांडली. तिघींच्या पाकिटांवर कंपनीची नावं वेगवेगळी होती. पण त्या मोठ्या नावाच्या जवळ दुसरं एक नाव छापलेलं असतं, ते तिन्हींवर एकच होतं, टेल्मिसार्टन. ताकदही एकच, ४० मिलिग्रॅम. म्हणजे औषध एकच.

पहिल्या पाकिटावर किंमत होती ७२ रुपये. दुसऱ्यावर ६३ रुपये. तिसरं पाकीट तालुक्याच्या जनऔषधी केंद्रातलं, त्यावर १३ रुपये. एक ताई लगेच म्हणाल्या, "पहिल्या दोघांत फारसा फरक नाही." मी म्हटलं, गोळ्या मोजा. पहिल्या पाकिटात १० गोळ्या होत्या, दुसऱ्यात १५. मग एका गोळीचा भाव काढला. पहिली गोळी ७ रुपये २० पैसे, दुसरी ४ रुपये २० पैसे, तिसरी १ रुपया ३० पैसे. महिन्याला ३० गोळ्या धरल्या तर २१६ रुपये, १२६ रुपये आणि ३९ रुपये.

हे त्या दिवशी त्या पाकिटांवर छापलेले भाव आहेत. तुमच्याकडे आकडे वेगळे निघतील, भाव बदलत असतात. पण हिशोबाची रीत तीच. पाकिटाचा भाव बघायचा नाही, एका गोळीचा बघायचा. तेल घेताना आपण पिशवीचा भाव बघत नाही, किलोचा बघतो, तसंच.

त्या गटाची महिन्याची बचत आहे १०० रुपये. पहिल्या आणि तिसऱ्या पाकिटात महिन्याला १७७ रुपयांचा फरक होता, वर्षाला २१२४. आपण बचतीचे १०० रुपये कटाक्षाने जमा करतो आणि तिकडे त्याहून जास्त न बघता जातात.

एक ताई म्हणाल्या, "आमचा मेडिकलवाला २० टक्के सूट देतो." चांगलं आहे. पण ७२ वर २० टक्के सूट धरली तरी गोळी ५ रुपये ७६ पैशांना पडते. दुसरं पाकीट सुटीशिवाय ४ रुपये २० पैशांचं होतं. तेव्हा सुटीची पाटी वाचा, पण हिशोब शेवटी हातात आलेल्या गोळीचा करा.

असा फरक का पडतो?

औषधाला दोन नावं असतात. एक त्याचं मूळ नाव, म्हणजे टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, अ‍ॅम्लोडिपिन. दुसरं कंपनीने ठेवलेलं नाव, म्हणजे ब्रँड. एकच औषध अनेक कंपन्या बनवतात आणि प्रत्येकीचं नाव वेगळं, भाव वेगळा. त्या भावात औषध बनवण्याचा खर्च असतो, तसा जाहिरातीचा, डॉक्टरांकडे फिरणाऱ्या प्रतिनिधींचा, घाऊक व्यापाऱ्याचा आणि दुकानदाराचा वाटाही असतो.

मग सरकारचं नियंत्रण नाही का? आहे. दिल्लीला राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण आहे, १९९७ पासून. अत्यावश्यक औषधांची एक राष्ट्रीय यादी आहे. २०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे या औषधांची कमाल किंमत ठरवतात. पण ती कशी ठरते ते ऐका. बाजारात ज्या ब्रँडचा वाटा निदान १ टक्का आहे त्यांच्या किमतींची सरासरी काढायची आणि त्यावर दुकानदाराचे १६ टक्के धरायचे. म्हणजे औषध बनवायला किती खर्च येतो, यावर ती ठरत नाही. बाजारात आधीच महाग विकत असतील तर सरासरीही वरच जाणार. त्यामुळे कमाल किंमत म्हणजे "याच्या वर विकू नका" एवढंच. हा रास्त भाव आहे, अशी ती खात्री नाही.

यादीबाहेरच्या औषधांना तर अशी कमाल किंमतही नाही. कंपनीने पहिला भाव आपल्या मनाने ठेवायचा. वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा नाही, एवढंच बंधन. एका गोळीत दोन-तीन औषधं एकत्र केलेली असतात, त्यातली बरीच या यादीत नाहीत. एकत्र गोळी वाईट असते असं नाही. काहींना ती सोयीची पडते, विसरायला होत नाही. पण "हीच दोन औषधं वेगवेगळी घेतली तर चालतील का, स्वस्त पडतील का?" हे डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग दुकानात जाऊन "यातलंच स्वस्त द्या" म्हणू. इथे अडचण आहे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ब्रँडचं नाव लिहिलं असेल तर चिठ्ठीवरच्या औषधांच्या बाबतीत दुकानदाराने आपल्या मनाने दुसरा ब्रँड द्यायचा नाही, असा नियम आहे. आतलं औषध एकच असलं तरीही. म्हणजे भाव बघून निवड आपण करत नाही, दुकानदारही करत नाही. ती डॉक्टरांच्या पेनाने झालेली असते, आणि पैसे आपण देतो.

हा प्रश्न आजचा नाही. ब्रँडची नावं टप्प्याटप्प्याने काढून मूळ नावाने औषधं विकावीत, अशी शिफारस हाथी समितीने १९७५ सालीच केली होती. तेव्हा माझी आई शाळेत पण जात नव्हती. म्हणून विचारायची सवय आपणच लावून घ्यायची आहे.

स्वस्त गोळी कमजोर असते का?

हा प्रश्न मला प्रत्येक गटात विचारतात. माझी आईही विचारते. जनऔषधीची गोळी तिला दाखवली तर म्हणाली, "एवढ्या कमी पैशात काय गुण येणार?"

औषध महाग असो की स्वस्त, १९४० चा औषध कायदा दोघांना एकच आहे. जनऔषधी केंद्रातला माल प्रयोगशाळेत तपासून पाठवला जातो. ही योजना २००८ साली सुरू झाली, आता देशात हजारो केंद्रं आहेत. आणि खोटं सांगत नाही, खराब औषध सापडल्याच्या बातम्या येतात, पण त्यात स्वस्त आणि महाग दोन्ही असतात. म्हणून कुठूनही घ्या, पक्कं बिल घ्या. त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते. औषधाचा संशय आला तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते, आणि बिल नसेल तर तक्रारीला आधार राहत नाही.

काही आजारांत मात्र ब्रँड परस्पर बदलायचा नाही. फिट्सची गोळी, थायरॉइडची गोळी, रक्त पातळ करायची गोळी. यांचं प्रमाण थोडं इकडेतिकडे झालं तरी त्रास होऊ शकतो. बदलायचंच असेल तर डॉक्टरांना सांगून.

आता माझीच चूक सांगते. हे सगळं शिकल्यावर मी उत्साहात पप्पांची चिठ्ठी घेऊन गेले. डॉक्टरांकडून मूळ नाव लिहून घेतलं आणि जनऔषधीतून बीपीची गोळी आणली. घरी डब्यात ठेवली आणि गावोगाव फिरायला निघून गेले. चार दिवसांनी आईचा फोन आला, पप्पांना चक्कर येते, उठवत नाही. धावत गेले तर काय? पप्पा जुन्या पाकिटातली गोळी पण घेत होते आणि नवीन पण. नाव वेगळं, रंग वेगळा, त्यांना वाटलं दोन्ही घ्यायच्या आहेत. एकच औषध दुप्पट जात होतं. दवाखान्यात नेलं, वेळेत कळलं, काही बरंवाईट झालं नाही. पण ती रात्र मी विसरणार नाही. पैसे वाचवायचे मी शिकले होते, समजावून सांगायचं राहिलं होतं.

म्हणून नवीन पाकीट आणलं की जुनं डब्यातून काढा. पाकिटावर पेनने लिहा, "बीपी, सकाळी एक". वाचता येत नसेल तर सूर्य काढा, चंद्र काढा. आणि घरातल्या माणसाला तोंडाने सांगा, "ही त्या गोळीच्या जागी आहे, तिच्यासोबत नाही."

आता करायचं काय?

डॉक्टरांकडे गेल्यावर तीन गोष्टी बोला. एक, "डॉक्टर, औषधाचं मूळ नाव लिहून द्याल का, स्पष्ट अक्षरात?" असं लिहावं हे डॉक्टरांच्या आचारसंहितेतही आहे, त्यामुळे विचारताना संकोच नको. दोन, "यातली कुठली औषधं अगदी गरजेची आहेत?" कधीकधी चिठ्ठीत टॉनिक असतं, जीवनसत्त्वाची गोळी असते, आणि पैसे कमी असले की आपण नेमकी बीपीची गोळी सोडून टॉनिक घेतो, कारण बाटली मोठी दिसते. तीन, "मला परवडत नाही" हे स्पष्ट सांगा. लाजून घरी येऊन गोळी अर्धी करण्यापेक्षा ते बरं.

मेडिकलमध्ये गेल्यावर छापील किंमत बघा. तिच्यात सगळे कर आलेले असतात, वर काही मागत असेल तर देऊ नका. औषधांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांना १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेही लक्षात असू द्या. पाच दिवसांची गोळी लिहिली असेल तर पाच दिवसांचीच मागा, सगळं पाकीट घ्यायलाच हवं असं नाही. पण मुदत छापलेला भाग बघून घ्या. अँटिबायोटिक मात्र लिहून दिलंय तेवढं पूर्ण घ्या, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नाही आणि उरलेलं शेजारणीला द्यायचं नाही.

मोबाईल वापरणाऱ्या मुली घरात आहेत ना? त्यांना कामाला लावा. "फार्मा सही दाम" हे मूल्य प्राधिकरणाचं अ‍ॅप आहे, त्यात औषधाची किंमत शोधता येते. "जनऔषधी सुगम" अ‍ॅपमध्ये जवळचं केंद्र आणि तिथला भाव दिसतो. ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त घेतले तर प्राधिकरणाच्या १८०० १११ २५५ या मोफत नंबरवर तक्रार करता येते.

आणि सगळ्यात आधी सरकारी दवाखाना. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारापर्यंत सगळं मोफत आहे. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात. मला माहीत आहे, तुम्ही म्हणाल, "गेलं की म्हणतात संपल्या." संपतात कधीकधी, मीही बघितलंय. मग एकटीने परत येऊ नका. तारीख लिहा, औषधाचं नाव लिहा. चार गटांच्या अशा नोंदी जमल्या की ग्रामसंघाचं पत्र करून वैद्यकीय अधिकाऱ्यांना देऊ. एका बाईने सांगितलं तर ती तक्रार होते, चाळीस जणींच्या सह्या असल्या तर मागणी होते.

दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना विसरू नका. योजनेतल्या रुग्णालयात, योजनेतल्या आजारासाठी भरती असताना औषधाचे पैसे वेगळे मागायचे नसतात. मागितले तर तिथल्या आरोग्यमित्राला गाठा.

काही औषधं एवढं सगळं करूनही महागच राहतील. कॅन्सरची काही औषधं, नवीन निघालेली काही इंजेक्शनं. तिथे आपल्या पाकीट मोजण्याने फार फरक पडणार नाही, हेही खरं आहे. पण आपल्या रजिस्टरमधल्या "दवाखाना" या नोंदी बघितल्या तर त्यातल्या बऱ्याचशा बीपी, शुगर, अ‍ॅसिडिटी, गुडघेदुखीच्या आहेत. तिथे फरक पडतो.

गटाने करायचं एक काम

प्रत्येक गटाने एक साधी वही घालावी. पाच रकाने आखा. औषधाचं मूळ नाव, ताकद, दुकान, किती गोळ्या, एका गोळीचा भाव. कुणाला कुठला आजार आहे ते लिहायचं नाही, ते ज्याचं त्याच्याकडे. तीन महिन्यांत आपल्या तालुक्याचं भावपत्रक आपल्याच हाताने तयार होईल. आणि दवाखान्यासाठी कर्ज मागायला कुणी आलं तर कर्ज जरूर द्या, अडवू नका. फक्त विचारा, "ताई, चिठ्ठी दाखव बरं, यातली नावं वहीत आहेत का बघू."

काकू आता रोज गोळी घेतात. महिन्यातून एकदा गटातली कुणीतरी तालुक्याला बाजाराला जाते, तीच सगळ्यांच्या चिठ्ठ्या नेते आणि एका खेपेत सगळ्यांची पाकिटं आणते, म्हणजे एसटीचा खर्चही वाचतो. गेल्या आठवड्यात काकूंचं बीपी मोजलं. अजून थोडं वर आहे, पण डॉक्टर म्हणाले, उतरतंय. सुनेला मी ३९ रुपयांचा हिशोब सांगितला, तर ती म्हणाली, "आत्यांनी आधी सांगितलं असतं तर मी ७२ चं पण आणलं असतं." तेव्हा घरात सांगत चला, मावश्यांनो. आपल्या औषधाचा खर्च म्हणजे घरावर ओझं नाही.

पुढच्या बैठकीला येताना घरातली औषधाची पाकिटं घेऊन या, रिकामी असली तरी चालतील. टाकून देऊ नका. सतरंजीवर मांडू आणि मोजायला बसू.